जुन्या लॅपटॉपला वेगळी स्क्रीन बसवताना: खरेदीपासून झाकण बंद करेपर्यंत

कनेक्टर आत गेला म्हणजे पॅनेल (स्क्रीनचा चित्र दाखवणारा सुटा भाग) जुळलं, या समजुतीपायी चांगली पॅनेलं जातात, कधी सोबत मदरबोर्डही जातो. पंधरा-अठरा वर्षं जुन्या लॅपटॉपला मूळ पॅनेल कोरं मिळणं जवळपास अशक्य असतं. बाजारात मिळतं ते दुसऱ्या मशीनमधून काढलेलं, दुसऱ्या कंपनीचं, कधी वेगळ्या रिझोल्युशनचं. त्यातलं बरंचसं चालवता येतं, पण त्यासाठी स्क्रूड्रायव्हरच्या आधी कागद-पेन हातात घ्यावं लागतं. नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

इथे मी डेल लॅटिट्यूड डी६३० हे २००७ सालचं मॉडेल धरून चाललो आहे. हे मशीन आपल्याकडे ऑफिसांमधून निघून सेकंडहँड बाजारात भरपूर आलं. शिवाय १४.१ इंची स्क्रीन त्यात दोन प्रकारची मिळायची, १२८०×८०० आणि १४४०×९००, त्यामुळे न जुळण्याचे सगळे प्रकार या एकाच मॉडेलवर दाखवता येतात. तुमच्याकडे त्याच काळातला थिंकपॅड टी६१ किंवा एचपीचा लॅपटॉप असेल तर स्क्रूंच्या जागा बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: दोष खरंच स्क्रीनमध्ये आहे का?

पॅनेल विकत घेण्याआधी दोन चाचण्या करा. दोन्हींना काही उघडावं लागत नाही.

पहिली, बाहेरचा मॉनिटर. व्हीजीए पोर्टला मॉनिटर जोडा, लॅपटॉप सुरू करा, गरज पडल्यास एफएन आणि एफ८ एकत्र दाबा. बाहेरच्या मॉनिटरवरही रेघा, ठिपके किंवा तुटकं चित्र दिसत असेल तर दोष ग्राफिक्स चिपमध्ये आहे आणि नवं पॅनेल टाकून काहीही होणार नाही. डी६३०च्या बाबतीत हे मुद्दाम तपासायचं, कारण त्याच्या काही मशीनमध्ये एनव्हिडियाची क्वाड्रो एनव्हीएस १३५एम चिप आहे. त्या काळातल्या काही लॅपटॉप चिप पॅकेजिंगमधल्या (चिपच्या आवरणाच्या साहित्यातल्या) कमकुवतपणामुळे बिघडत असल्याचं एनव्हिडियाने २००८ साली स्वतः जाहीर केलं होतं. इंटेल ग्राफिक्सच्या डी६३०ला हा त्रास नाही. शक्य असेल तर दुरुस्तीसाठी तोच निवडा.

दुसरी, टॉर्च. स्क्रीन काळी दिसते पण विंडोज सुरू झाल्याचा आवाज येतो, अशा वेळी खोलीत अंधार करून टॉर्च तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे आणि फक्त मागचा उजेड गेलाय. मग संशयित चार: दिवा, इन्व्हर्टर (दिव्याला जास्त व्होल्ट पुरवणारी स्क्रीनखालची छोटी पट्टी), मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज आणि झाकण बंद झाल्याची खबर देणारा छोटा स्विच. सुरू होताना स्क्रीन गुलाबी किंवा तांबूस दिसून काही मिनिटांत पांढरी होत असेल तर दिवा म्हातारा झालाय. एक-दोन सेकंद उजळून बंद होत असेल तर दिवा किंवा इन्व्हर्टर.

तपासा: बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आहे, लॅपटॉपच्या स्क्रीनवर नाही. असं असेल तरच पुढे जा.

टप्पा २: जुन्या पॅनेलची ओळख लिहून घ्या

लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवर विसंबू नका. इतक्या जुन्या मशीनची स्क्रीन आधी एकदा बदललेली असू शकते. पॅनेल थोडंफार चालत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्याची ईडीआयडी माहिती (पॅनेलने स्वतःत साठवलेली आपली ओळख) वाचता येते, बऱ्याचदा मॉडेल नंबर त्यातच मिळतो. नाहीतर टप्पा ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे बेझल (स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट) उघडून पॅनेलच्या पाठीवरचा स्टिकर पाहायचा. फोटो काढा, आणि शेवटच्या अक्षर-आकड्यांसकट पूर्ण नंबर लिहा.

हे नंबर वाचता येतात. एलजीचं नाव ‘एलपी’ने सुरू होतं, पुढे आकार: १४१ म्हणजे १४.१ इंच. त्यापुढे ‘डब्ल्यूएक्स’ असेल तर १२८०×८००, ‘डब्ल्यूपी’ असेल तर १४४०×९००. एयूओ या कंपनीचं नाव ‘बी’ने सुरू होतं, पुढे पुन्हा आकार, मग ‘ईडब्ल्यू’ म्हणजे १२८०×८०० आणि ‘पीडब्ल्यू’ म्हणजे १४४०×९००. सॅमसंगचं ‘एलटीएन’. दुकानात ‘सेम टू सेम आहे’ असं ऐकू आलं की स्टिकर उलटून ही अक्षरं स्वतः वाचा.

टप्पा ३: चार गोष्टी जुळवा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. एकही पैसा देण्याआधी चारही उत्तरं कागदावर हवीत.

आकार आणि प्रमाण. डी६३०चं पॅनेल १४.१ इंच, १६:१० प्रमाणाचं आहे. दिसणारा भाग सुमारे ३०४ मिमी रुंद, १९० मिमी उंच. आजकाल सहज मिळणारं १४.० इंची पॅनेल १६:९ असतं: सुमारे ३१० मिमी रुंद, १७४ मिमी उंच. म्हणजे रुंदीत ६ मिमी जास्त, उंचीत १६ मिमी कमी. बाजूंना चित्र बेझलखाली जातं, वर-खाली काळी फट राहते, आणि कंसांची (पॅनेल धरून ठेवणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांची) भोकं जुळत नाहीत. जुन्या ४:३ लॅपटॉपचं १४.१ इंची पॅनेल तर २८७×२१५ मिमी असतं. तिन्हींना दुकानात ‘चौदा इंची’ म्हणतात, म्हणून इंच विचारू नका, मिलिमीटर मोजा. १५.४ आणि १५.६ इंचांचाही घोळ हाच: पहिलं साधारण ३३२×२०७ मिमी, दुसरं ३४५×१९४ मिमी. प्रमाण जुळत नसेल तर ते पॅनेल सोडून द्या. झाकण कापून, फेव्हिक्विकने कंस चिकटवून बसवलेली पॅनेलं मी पाहिली आहेत. हिंजवर (झाकणाच्या बिजागरीवर) ताण आला की ती काचेच्या कडेलाच तडकतात.

मागचा उजेड. त्या काळात उजेडासाठी सीसीएफएल म्हणजे काचेची बारीक नळी असायची. तिला शेकडो व्होल्ट लागतात आणि पेटण्याच्या क्षणी हजाराच्या वर, म्हणून पॅनेलखाली इन्व्हर्टरची लांबट पट्टी असते. नंतरच्या एलईडी पॅनेलमध्ये इन्व्हर्टर नसतो, दिव्यांचा ड्रायव्हर पॅनेलच्याच बोर्डवर असतो. ओळखायचं कसं? पॅनेलच्या कोपऱ्यातून दोन जाड वायरी आणि छोटा पांढरा प्लग बाहेर आला असेल तर सीसीएफएल. नसेल तर बहुधा एलईडी.

कनेक्टर. सीसीएफएल काळातला ३० पिनांचा एलव्हीडीएस (पॅनेलला चित्राचा सिग्नल पाठवायची जुनी पद्धत) कनेक्टर रुंद असतो, पिनांमधलं अंतर १ मिमी. नंतरच्या एलईडी एलव्हीडीएस पॅनेलला बहुतेक वेळा ४० पिना, अंतर ०.५ मिमी. त्यानंतर आलेल्या ईडीपी पॅनेललाही ३० किंवा ४० पिना, अंतर तेच ०.५ मिमी, पण सिग्नलची भाषाच वेगळी. ४० पिनांचं एलव्हीडीएस आणि ४० पिनांचं ईडीपी शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही, आणि मॉडेल नंबर न बघता जोडणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

चॅनेल, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या तारांचा एक संच. १२८०×८००ला सेकंदाला सुमारे ७ कोटी पिक्सेल पाठवावे लागतात आणि ते एका चॅनेलवर निभतं. १४४०×९००ला ८.९ कोटींच्या आसपास, ते दोन चॅनेलवर वाटून पाठवतात: एका चॅनेलवर विषम रकाने, दुसऱ्यावर सम. पिना दोन्हींना ३०च. एका चॅनेलच्या पॅनेलमध्ये २० ते ३० या पिना रिकाम्या सोडलेल्या असतात, दोन चॅनेलच्या पॅनेलमध्ये त्यांच्यावर दुसऱ्या चॅनेलच्या तारा येतात.

आता टप्पा ५ प्रमाणे सोडवलेली केबल हातात घेऊन चांगल्या उजेडात, भिंगाखाली कनेक्टर पाहा. त्रिकोणाच्या खुणेजवळची पिन १. ती जमीन (ग्राउंड), २ आणि ३ वर पॅनेलचा ३.३ व्होल्ट पुरवठा, ४, ६ आणि ७ ईडीआयडीच्या. ८ पासून तारांच्या जोड्या सुरू होतात. विसाव्या पिनपासून पुढे तारा आहेत की जागा मोकळी आहे? मोकळी असेल तर ही केबल एकाच चॅनेलची, आणि तिच्यावर १४४०×९००चं पॅनेल धड चालणार नाही. डी६३० दोन्ही रिझोल्युशनमध्ये मिळत होता, तेव्हा अशा वेळी बोर्डावर संशय घेण्याआधी १४४०×९००ची केबल मिळवा.

टप्पा ४: घ्यायचं की नाही, ते ठरवा

फक्त कंपनी वेगळी, बाकी सगळं सारखं: निश्चिंत घ्या. १२८०×८००च्या जागी १४४०×९००: केबल दोन चॅनेलची असेल किंवा मिळणार असेल तर घ्या, अक्षरं बारीक होतील पण जागा खूप वाढते. १४४०×९००च्या जागी १२८०×८००: केबल बदलावी लागत नाही, जास्तीच्या तारा नुसत्या पडून राहतात. सीसीएफएलच्या जागी एलईडी: फक्त वेळ, सोल्डरिंगचा हात आणि त्या पॅनेलची डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) तिन्ही असतील तर. ईडीपी: नाही. मध्ये रूपांतराचा बोर्ड लागतो, आणि त्याला झाकणात जागा नसते.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस, कुठूनही घ्या, पण जुनं पॅनेल पेटवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर डाग आणि कडेची काळपट सावली दिसते, पूर्ण काळ्यावर अडकलेले ठिपके. कुरिअरने मागवत असाल तर पाठीच्या स्टिकरचा आणि कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो आधी मागा. मॉडेल नंबर न देता नुसतं ‘डी६३०ची स्क्रीन’ म्हणून विकणाऱ्याकडून घेऊ नका.

टप्पा ५: उघडणं

लागणारं सामान: बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, मल्टिमीटर, कागदी मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड आणि स्क्रूंसाठी खण असलेला डबा.

१. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. उरलेला चार्ज निघून जातो.

२. झाकण पूर्ण सपाट उघडा. कीबोर्डच्या वरची लांब पट्टी उजव्या टोकाकडून प्लॅस्टिकने उचला. धातूचा स्क्रूड्रायव्हर घातलात तर कड चिरते.

३. बेझल काढा. स्क्रू असतील तर ते रबरी टोप्यांखाली असतात, टोप्या टेपवर चिकटवून ठेवा. बेझल आतल्या कडेकडून, बोटांनी थोडं थोडं सोडवत जा. खालची बाजू शेवटी, कारण तिथे इन्व्हर्टर आणि वायरी असतात.

४. इन्व्हर्टरचे दोन्ही प्लग काढा. वायर ओढायची नाही, प्लगच्या कडेला नखाने ढकलायचं.

५. बाजूच्या कंसांचे स्क्रू काढा आणि पॅनेल पुढे, कीबोर्डवर पसरलेल्या कापडावर पालथं ठेवा.

६. पाठीवरचा कनेक्टर बहुधा पारदर्शक टेपखाली असतो. टेप सोडवा आणि कनेक्टर पॅनेलला समांतर, सरळ मागे सरकवा. वर उचलायचा नाही. वर उचललेल्या कनेक्टरची पहिली पिन वाकते, आणि ती दुसऱ्या पिनला टेकली तर ३.३ व्होल्ट भलतीकडे जातात.

थांबा: बॅटरी लावलेली असताना हा कनेक्टर काढू किंवा लावू नका, लॅपटॉप बंद असला तरीही. मदरबोर्डवर पॅनेलच्या आणि बॅकलाइटच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज असतात. क्षणभराच्या शॉर्टने ते जातात, आणि मग चांगलं पॅनेलही काळंच दिसतं.

टप्पा ६: उघड्यावर चाचणी

नवं पॅनेल लगेच स्क्रूने कसू नका. आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून पॅनेलच्या कनेक्टरवर पिन १ आणि पिन २-३ यांच्यामध्ये बघा. सलग बीप आला तर पॅनेल आतून शॉर्ट आहे, जोडू नका.

जुन्या पॅनेलचे कंस काढून नव्याला लावा. स्क्रू तेच वापरा. लांब स्क्रू कडेतून आत शिरून नळी फोडतो. मग केबल जोडा, टेप लावा, दिव्याचा प्लग इन्व्हर्टरला लावा. पॅनेल झाकणात नुसतं टेकवून उभं करा आणि इन्व्हर्टरच्या खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. आता बॅटरी लावा आणि मशीन सुरू करा.

थांबा: मशीन चालू असताना इन्व्हर्टरला किंवा त्याच्या प्लगला हात लावायचा नाही. त्याचं आउटपुट साध्या मल्टिमीटरने मोजायचंही नाही, मीटर जळेल.

आधी डेलचा लोगो, मग एफ२ दाबून बायॉस (विंडोजच्या आधी येणारा सेटिंगचा पडदा). विंडोजपर्यंत जायची घाई नको. बायॉसमध्ये चित्र स्वच्छ असेल तर तारा आणि पुरवठा ठीक, आणि पुढे काही बिघडलं तर ते ड्रायव्हर किंवा ईडीआयडीचं.

टप्पा ७: चित्र काय सांगतंय ते वाचा

नुसतीच पांढरी, उजळ स्क्रीन: दिवा ठीक आहे, सिग्नल किंवा ३.३ व्होल्ट पोहोचत नाहीत. कनेक्टर तिरका बसलाय. बंद करा, बॅटरी काढा, पुन्हा सरळ बसवा.

एक आड एक उभी रेघ काळी किंवा कचरा दाखवणारी: दोन चॅनेलचं पॅनेल, एका चॅनेलची केबल. सॉफ्टवेअरने हे कधीच सुटत नाही.

चित्र बरोबर पण रंग पायऱ्या-पायऱ्यांचे किंवा एखादा रंग गायब: एखादी जोडी तुटलेली आहे. केबल हिंजपाशी बोटाने हळूच हलवा. रंग बदलला तर केबलच गेली.

चित्र सरकलेलं, थरथरणारं, किंवा विंडोज ६४०×४८० वर अडकलेलं: ईडीआयडी वाचला जात नाही किंवा चुकीचा आहे. पुढचा टप्पा पाहा.

पूर्ण काळं, टॉर्चखाली चित्र दिसतं: दिव्याचा प्लग, झाकणाचा स्विच, इन्व्हर्टर, फ्यूज, याच क्रमाने. फ्यूज बॅटरी काढून, बीपवर तपासायचा.

टप्पा ८: ईडीआयडी (गरज असेल तरच)

पॅनेलच्या बोर्डवर आठ पायांची छोटी मेमरी चिप असते. तिच्यात १२८ बाइटची ओळख असते: कंपनी, रिझोल्युशन, वेळेचे आकडे. शेवटचा बाइट पडताळणीचा. सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ ने पूर्ण भागली गेली पाहिजे, नाहीतर माहिती बिघडलेली.

सोपा आणि सुरक्षित मार्ग लिनक्समध्ये आहे. योग्य ईडीआयडीची फाइल तयार करून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुरू होतानाच ‘ही वाच’ असं सांगता येतं. पॅनेलला हात लागत नाही आणि चुकलं तर फाइल काढून टाकता येते. बायॉसच्या पडद्यावर मात्र याचा परिणाम होत नाही.

चिपमध्येच लिहायचं असेल तर पॅनेल लॅपटॉपपासून वेगळं करून, सीएच३४१ए सारख्या स्वस्त प्रोग्रामरने लिहा. आधी जुनी माहिती वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. लॅपटॉप चालू असताना आतल्या आतून लिहायच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या करू नका. पॅनेलच्या आणि रॅमच्या ओळख-चिपचा पत्ता सारखाच असतो, फक्त मार्ग वेगळा. चुकीच्या मार्गावर लिहिलंत तर रॅम ओळखूच येत नाही आणि मशीन सुरू व्हायचं थांबतं.

एलईडी पट्टीचा पर्याय

पॅनेल उत्तम आणि फक्त नळी गेलेली असेल तर नळीच्या जागी एलईडीची पट्टी आणि इन्व्हर्टरच्या जागी छोटा ड्रायव्हर बसवता येतो. ड्रायव्हरला चार तारा लागतात: पुरवठा, जमीन, चालू-बंद आणि उजेड कमी-जास्त. पहिल्या तीन मल्टिमीटरने सापडतात. चौथी काही मशीनमध्ये साधी नसते, आणि काही ड्रायव्हर उलटे चालतात: उजेड वाढवायचं बटण दाबलं की कमी होतो. घेण्याआधी विचारा.

नळी काढणं हेच खरं नाजूक काम. ती पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक काच आहे आणि आत थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा, थोड्या वेळाने हातमोजे घालून तुकडे चिकटपट्टीने उचला. व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही. आणि उजेड पसरवणाऱ्या पातळ पापुद्र्यांचा क्रम उचलण्याआधी फोटोत घ्या. एक उलटा बसला तरी स्क्रीन ठिगळं लावल्यासारखी दिसते. पहिल्यांदाच हे करणार असाल तर आधी एखाद्या फुटक्या पॅनेलवर सराव करा.

टप्पा ९: बंद करणं

केबल मूळ खाचेतूनच न्या. हिंजजवळ ती थोडी सैल हवी, ताणलेली नको. इन्व्हर्टर त्याच्या प्लॅस्टिकच्या आवरणातच बसवा. कंसांचे स्क्रू आधी सगळे अर्धे, मग सगळे पूर्ण. एका बाजूने कसत गेलात तर पॅनेल पिळतं आणि कडेला उजेडाचे डाग येतात.

बेझल लावण्याआधी मशीन सुरू ठेवून झाकण सावकाश पूर्ण मागे आणि पुढे फिरवा. कुठल्याही कोनात चित्र चमकलं तर केबल चिमटली आहे. उजेडाची बटणं वर-खाली करा, झाकण मिटून मशीन झोपतं का आणि उघडल्यावर उजेड परत येतो का बघा. तासभर चालू ठेवा, कारण थकलेला इन्व्हर्टर गरम झाल्यावरच दगा देतो. हे सगळं जमलं की बेझल वरून खाली दाबत बसवा. कुठे जोर लागत असेल तर खाली वायर आली आहे, थांबून पाहा.

काढलेलं सीसीएफएल पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका, त्यात पारा आहे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने नव्या पॅनेलचा पूर्ण नंबर, रिझोल्युशन आणि केबल एका चॅनेलची की दोन, हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कोणी हे झाकण उघडेल, त्याला दुसरा टप्पा करावा लागणार नाही.